अंगणातली जुनी कॉटनवुडची झाडे ठेवावीत का, आणि मोडून पडलेल्या झाडाच्या लाकडाचे काय करावे?

प्रश्न : नदीकाठ

नमस्कार. आम्ही वर्षभरापूर्वी ज्या घरात राहायला आलो, त्याच्या मागच्या अंगणात कॉटनवुडची, म्हणजे पॉप्लरच्याच एका प्रकारची, तीन जुनी झाडे होती आणि कुंपणालगत खांबासारख्या सरळसोट वाढणाऱ्या लोंबार्डी पॉप्लरची एक रांग आहे. गेल्या महिन्यातल्या वादळात कॉटनवुडपैकी एक झाड जमिनीपासून साधारण कमरेइतक्या उंचीवर मोडले आणि सुदैवाने घराच्या उलट दिशेला पडले. मोडलेला भाग मी जवळून पाहिला. आतला गाभा तपकिरी आणि इतका भुसभुशीत झाला होता, की बोटाने दाबल्यावर त्यातून पाणी सुटत होते. त्याभोवतीचे निरोगी पांढरट लाकूड एका बाजूला चांगले वीतभर जाड होते, परंतु दुसऱ्या बाजूला ते जेमतेम चार बोटे उरले होते. दोन माणसांनी हात पसरून कवेत घ्यावे एवढे ते खोड आता अंगणात आडवे पडले आहे.

उरलेल्या दोन झाडांपैकी एक घराच्या भिंतीपासून नऊ मीटरवर आहे आणि दुसरे त्याहून बरेच लांब. दोन्ही झाडे ताबडतोब काढून टाकावीत, असे शेजारी आणि नातेवाईक सांगतात, आणि त्यांची कारणे खोटी आहेत असे मी म्हणत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी दोन-तीन आठवडे रुईच्या म्हाताऱ्यांसारखा कापूस सगळीकडे उडत असतो. तो खिडक्यांच्या जाळ्यांत अडकतो आणि वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागावर गादीसारखा बसतो. त्याच दिवसांत मुलाला शिंका आणि डोळ्यांची खाज यांचा फार त्रास होतो. वर्षभरात सांडपाण्याची नळी दोनदा तुंबली आणि दोन्ही वेळा तिच्यातून केसांच्या जटेसारखी मुळे निघाली. असे असले तरी या झाडांची सावली आणि वारा जाणवत नसतानाही चालू असलेली पिंपळासारखी सळसळ आमच्या घराचा भाग झाली आहे, आणि केवळ भीतीपोटी ती तोडावीत हे मनाला पटत नाही.

तेव्हा झाडे ठेवणे कितपत सुरक्षित आहे, कापूस आणि मुळे यांवर काही उपाय आहे का, आणि पडलेल्या खोडापासून काही टिकाऊ करता येईल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. हे लाकूड "कशाच्याच कामाचे नाही" असे मला तीन जणांनी सांगितले आहे.

उत्तर १ : पारंबी

मी झाडांची निगा राखण्याचे काम करतो. झाड प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ते सुरक्षित आहे की नाही, हे कोणीही सांगू नये आणि मीही सांगणार नाही. मात्र आपण मोडलेल्या खोडाचे जे वर्णन केले आहे, ते फार उपयोगी आहे. पॉप्लरच्या कुळातील झाडे वेगाने वाढतात. अनुकूल, ओलाव्याच्या जागी तरुण कॉटनवुड एका वर्षात दोन मीटरपर्यंत उंची घेते, आणि या घाईची किंमत ते लाकडाच्या टिकाऊपणात मोजते. मोठी फांदी कापली किंवा मोडली, की ती जखम झाकली जाण्याआधीच बुरशी आत शिरते आणि गाभा कुजू लागतो. पोकळ झाड लगेच पडते असे नाही; भोवतीचे निरोगी लाकूड सर्व बाजूंनी पुरेसे जाड असेल तर ते अनेक वर्षे उभे राहू शकते. आपले झाड नेमके त्या चार बोटे उरलेल्या बाजूने कमकुवत झाले असावे. त्या बाजूला वर एखाद्या जुन्या, मोठ्या कापाची खूण सापडते का, हे पडलेल्या खोडावर अवश्य पाहावे. सापडल्यास उरलेल्या दोन झाडांवर तशाच खुणा शोधाव्यात, कारण एकाच माणसाने तिन्ही झाडे एकाच वेळी छाटलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

जवळच्या झाडाची तपासणी तज्ज्ञाकडून करून घेण्यात उशीर करू नये. बुंध्याशी आलेली बुरशीची छत्रे, शेंड्याकडच्या वाळलेल्या फांद्या, दोन मुख्य फांद्यांच्या बेचक्यात आत दबलेली साल, आणि वादळानंतर मुळांजवळ जमिनीला पडलेली ताजी भेग या चार गोष्टी आपण स्वतःही पाहू शकता. शेवटची गोष्ट दिसली तर त्या झाडाखाली कोणालाही जाऊ देऊ नका. निवांत, उष्ण दुपारी वाऱ्याशिवाय जड फांदी गळून पडण्याचा प्रकारही या झाडांत घडतो. म्हणून त्यांच्याखाली कायमची बैठक किंवा मुलांचा झोपाळा नसावा. एक विनंती मात्र आग्रहाने करतो: झाड "सुरक्षित करण्यासाठी" त्याचा सगळा शेंडा उडवू नका. कापलेल्या जागी जे फुटवे जोमाने येतात, ते केवळ वरवर चिकटलेले असतात, आणि कापाखालचे लाकूड कुजत जाते. आज टळलेला धोका दहा वर्षांनी दुप्पट होऊन समोर येतो.

कापसाबद्दल. या झाडांत नर आणि मादी वेगळी असतात, आणि कापूस फक्त मादीला येतो. लोंबार्डी पॉप्लर ही काळ्या पॉप्लरची कलमांनी वाढवलेली नर जात आहे, त्यामुळे कुंपणाची रांग या बाबतीत निर्दोष आहे. मुलाच्या त्रासाचे कारणही बहुधा कापूस नसावा. तो कापूस म्हणजे बियांचे पंख आहेत, पराग नव्हे. पॉप्लरचा पराग पाने फुटण्याआधीच हवेत येऊन गेलेला असतो. कापूस उडत असतो तेव्हाच अनेक प्रकारची गवते फुलोऱ्यावर असतात, आणि त्यांचा डोळ्यांना न दिसणारा पराग शिंका आणतो. दिसतो तो कापूस, म्हणून दोष त्याच्या माथी येतो. खात्रीसाठी डॉक्टरांकडून ॲलर्जीची चाचणी करून घ्यावी. झाड तोडूनही त्रास तसाच राहिल्याची उदाहरणे माझ्या कामात मी पाहिली आहेत. वातानुकूलन यंत्राचा कापूस मात्र खराच उपद्रवी असतो. त्या दिवसांत यंत्र बंद करून आठवड्याला एकदा पाण्याच्या हलक्या धारेने त्याच्या पात्या धुवाव्यात. साठलेला कापूस क्षणात पेट घेतो, म्हणून तो कोपऱ्यांत साचू देऊ नये.

मुळांच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मुळे धडधाकट नळी फोडत नाहीत. जुन्या नळीचा सांधा झिरपत असतो, तिथली माती ओली राहते, आणि पाण्याच्या मागावर असलेले केसाएवढे मूळ त्या फटीतून आत शिरते. नळी साफ करून घेणे हा तात्पुरता उपाय झाला. तो भाग बदलून अखंड, घट्ट सांध्यांची नळी टाकली तर झाड तिथेच असूनही प्रश्न सुटतो.

आता तोडण्याच्या निर्णयाबद्दल जे कोणी सांगत नाही ते सांगतो. आपली जमीन चिकणमातीची असेल, तर एवढे मोठे झाड दर उन्हाळ्यात तिच्यातून प्रचंड पाणी ओढून घेत असते, आणि माती आकसलेल्या अवस्थेत स्थिरावलेली असते. झाड एकाएकी काढले की तीच माती पुढच्या काही वर्षांत पाणी धरून फुगते आणि पाया वर उचलला जाऊ शकतो. झाड घराहून जुने असेल तर हा धोका अधिक. वालुकामय जमिनीत ही चिंता नाही. म्हणून नऊ मीटरवरचे झाड काढायचे ठरलेच, तर आधी माती कोणती आहे ते पाहा.

तोडल्यानंतरही पॉप्लर सहज हार मानत नाही. कॉटनवुडच्या बुंध्याच्या कडेने फुटवे येतात, ते कोवळे असतानाच वारंवार काढावे लागतात. पांढरा पॉप्लर आणि ॲस्पेन या पॉप्लरच्याच इतर जातींची मुळे तर दूरवर नवी खोडे उभी करतात. अमेरिकेतील युटा राज्यात "पांडो" या नावाने ओळखले जाणारे ॲस्पेनचे रान सुमारे ४३ हेक्टरवर पसरले आहे. त्यात सुमारे ४७,००० खोडे आहेत, आणि ती सर्व एकाच मुळाच्या जाळ्यातून उगवलेले एकच नर झाड आहे. आपल्याकडे कॉटनवुड आहे, हे त्या मानाने बरे.

उत्तर २ : रंधा

लाकूड कशाच्याच कामाचे नाही हे मत मला मान्य नाही. मी गेली वीस वर्षे सुतारकाम करते आणि त्यातला मोठा भाग लोकांनी टाकून दिलेल्या पॉप्लरवर झाला आहे. लूव्र संग्रहालयातील मोनालिसाचे चित्र कापडावर नव्हे, तर पॉप्लरच्या फळीवर रंगवलेले आहे. ती फळी पाचशे वर्षे टिकली आहे, किंचित वाकली आहे, आणि तिला वरच्या कडेकडून आलेली एक जुनी भेगही आहे. या लाकडाचे गुण आणि दोष दोन्ही त्या एका फळीत आले. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने १८०५ मध्ये मिसुरी नदीवर वापरलेल्या बहुतेक होड्या कॉटनवुडचे ओंडके कोरून केलेल्या होत्या, आणि अमेरिकेतील मूळ रहिवासी असलेले होपी लोक आपल्या कात्सिना, म्हणजे दैवी आत्म्यांच्या, बाहुल्या आजही कॉटनवुडच्या मुळापासून कोरतात. काड्यापेटीच्या काड्या, प्लायवुडचे आतले थर, फळांच्या पेट्या, कागदाचा लगदा असे त्याचे रोजचे उपयोग तर आपल्या हाताखालून जातच असतात.

कामाला लागण्यापूर्वी नावाचा एक गोंधळ ध्यानात घ्यावा. लाकूडबाजारात "यलो पॉप्लर" किंवा नुसते "पॉप्लर" म्हणून जे हिरवट झाक असलेले लाकूड मिळते, ते बऱ्याचदा ट्यूलिपच्या झाडाचे, म्हणजे सोनचाफ्याच्या कुळातील एका निराळ्याच वृक्षाचे असते. त्याविषयीचा सल्ला आपल्या ओंडक्याला लागू करू नका. खरे पॉप्लर विलोच्या कुळातले आहे आणि त्याचा स्वभाव वेगळा आहे.

त्याचा स्वभाव म्हणजे पाणी. ताज्या कॉटनवुडमध्ये कोरड्या लाकडाच्या वजनाहून अधिक, पुष्कळदा दीडपट वजनाचे पाणी असते. उचलताना शिशासारखी जड वाटणारी फळी वाळल्यावर एका हाताने उचलता येते. वाळलेल्या लाकडाची घनता घनमीटरला सुमारे ४५० किलो, म्हणजे ओकच्या साधारण तीन पंचमांश असते. एवढे पाणी बाहेर पडताना लाकूड आकसते, आणि सर्व दिशांनी सारखे आकसत नाही: वर्षवलयांच्या कडेने सुमारे ९ टक्के, तर गाभ्यापासून सालीकडे सुमारे ४ टक्के. या फरकामुळेच फळी वाकते. माझ्या पहिल्या ओंडक्याच्या फळ्या मी नीट रचल्या, पण वर वजन ठेवले नाही. चार महिन्यांनी वरच्या सहा फळ्या पन्हळीसारख्या झाल्या होत्या, आणि त्यांच्या खालच्या, वजनाने दबलेल्या फळ्या सरळ होत्या. एकाच झाडाचे, एकाच दिवशी चिरलेले लाकूड होते ते.

आपल्या खोडाला महिना झाला आहे, म्हणून आता वेळ दवडू नये. हे लाकूड उघड्यावर निळसर डाग धरते आणि बुरशीला लवकर बळी पडते. दोन्ही टोकांचा भेगाळलेला भाग कापून टाकून ताज्या कापावर लगेच मेण किंवा जुन्या रंगाचा जाड थर द्यावा. कुजलेला गाभा बाजूला ठेवून वीतभर जाडीच्या बाजूकडून फळ्या काढाव्यात. अंगणातल्या झाडात जुने खिळे आणि तारा हमखास असतात, त्यामुळे चिरण्याआधी धातुशोधक फिरवून घ्यावा. मला हवी असलेली फळी वीस मिलिमीटरची असेल, तर मी तीस मिलिमीटर जाड चिरते, कारण आकसणे आणि रंधा यांत बाकीचे जाते. फळ्यांच्या मध्ये दोन सेंटिमीटर जाडीच्या कोरड्या पट्ट्या चाळीस सेंटिमीटर अंतरावर, एकाखाली एक बरोबर ओळीत येतील अशा ठेवाव्यात, वरून पाऊस लागू नये आणि बाजूंनी वारा मोकळा खेळावा, आणि सगळ्यात वर भरपूर वजन असावे. चिरताना आंबूस, नकोसा वास येईल. तो ओलसर गाभ्यातील जिवाणूंमुळे येतो आणि वाळल्यावर बहुतांशी जातो. असे गडद ओले पट्टे असलेल्या फळ्या मात्र वेगळ्या रचा, कारण त्या फार सावकाश वाळतात आणि कधी कधी आतून खचतात.

रंधा मारताना पृष्ठभाग लोकरीसारखा केसाळ होतो, आणि इथे पुष्कळ जण हात टेकतात. कललेल्या खोडाच्या वरच्या बाजूला झाड स्वतःला ओढून धरण्यासाठी वेगळ्या प्रकारचे तंतू तयार करते. ते तुटण्याऐवजी पात्यापुढे वाकतात. पाते नुकतेच परजलेले असावे आणि काप अगदी पातळ घ्यावा. एवढे करूनही केस उरले, तर चपड्याचे पातळ पॉलिश एकदा फिरवून वाळू द्यावे. केस ताठ होतात आणि मग पॉलिश पेपरने साफ निघून जातात. गडद रंगछटा देण्याच्या फंदात पडू नये, कारण हे लाकूड ती ठिगळाठिगळांनी शोषते. ऑइलपेंट किंवा साधा रंग मात्र त्यावर फार सुरेख बसतो. गोंद चांगला धरतो, खिळा मारताना लाकूड फुटत नाही, परंतु खिळ्याची पकड कमी असते, म्हणून सांधे आणि स्क्रू यांवर भर द्यावा. ड्रॉवरच्या बाजू, कपाटाची पाठ, पेट्या, रंगवायची खेळणी, कोरीव काम यांसाठी मला याहून प्रेमळ लाकूड मिळालेले नाही.

जमिनीशी संबंध येईल तिथे ते वापरू नका. खांब म्हणून पुरलेले पॉप्लर काही वर्षांतच कुजते, आणि ताजी फांदी पुरली तर मुळे फुटून नवे झाडच उभे राहते.

एक शेवटची विनंती: जुन्या कॉटनवुडच्या बुंध्याची जाड साल टाकू नका. ती पंजाएवढ्या जाडीची असू शकते, चाकूने लोण्यासारखी कापली जाते, आणि तिच्यात चेहरे, घरे कोरणारे कलाकार अशा सालीच्या शोधात असतात. वाळल्यावर ती आपोआप सुटी होते, तेव्हा घाईने खरवडण्याची गरज नाही.

उत्तर ३ : शेकोटी

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु एवढ्या मोठ्या झाडाच्या सर्वच फांद्यांच्या फळ्या होणार नाहीत, म्हणून सरपणाविषयी लिहितो. किलोला किलो धरले तर कोरडे पॉप्लर इतर लाकडाएवढीच उष्णता देते. पण ते हलके असल्यामुळे तेवढ्याच ढिगातून ओकच्या सुमारे दोन तृतीयांश उष्णता मिळते आणि विस्तव लवकर विझतो. आग पेटवायला आणि हलक्या थंडीच्या दिवसांना ते उत्तम, रात्रभर निखारा धरून ठेवायला निरुपयोगी.

फोडण्यात खरी मेहनत आहे. ओल्या ओंडक्यात पाचर रुतून बसते आणि तंतू दोरीसारखे ताणले जातात. कडाक्याच्या थंडीत गोठलेला ओंडका त्या मानाने स्वच्छ फुटतो. असे असूनही फोडणे पुढे ढकलू नका. सालीसकट गोल ओंडके रचून ठेवले, तर पाणी आतच अडकते आणि वाळण्याऐवजी ते कुजतात. मी एकदा असा पूर्ण ढीग गमावला आहे. ढीग जमिनीपासून उचललेला असावा, आणि ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय लाकूड जाळू नये, नाहीतर धुराड्यात चिकट काजळी धरते, आणि ती पेटली तर घराला आग लागू शकते.

निरोगी, ताज्या ओंडक्यांवर धिंगरी अळिंबी चांगली येते. कुजलेल्या गाभ्यावर ती लावू नये, कारण तिथे दुसऱ्या बुरशीने आधीच घर केलेले असते.

प्रश्नकर्ता : नदीकाठ

तिघांचेही मनापासून आभार. आपले लिहिणे वाचून मी आज पुन्हा खोडाजवळ गेले. चार बोटांच्या बाजूला, मोडलेल्या जागेच्या हातभर वर, ताटलीएवढी एक जुनी कापाची खूण सापडली. तिच्या कडेने साल ओठांसारखी वळली आहे, पण मधला भाग कधीच झाकला गेलेला नाही. घराजवळच्या झाडावर तशीच खूण त्याच उंचीवर आहे. दूरच्या झाडावर एकही नाही. बागेत खड्डा खणून पाहिला तेव्हा फावड्याला चिकटणारी काळी चिकणमाती निघाली. जवळचे झाड काढावे लागले, तर ते एकदम काढावे की टप्प्याटप्प्याने?

पारंबी

त्याच उंचीवरची खूण ही गंभीर बाब आहे. तपासणी होईपर्यंत त्या बाजूच्या खोलीत रात्री कोणी झोपू नये. टप्प्याटप्प्याने छाटून पाण्याची ओढ हळूहळू कमी करण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो, परंतु खोडच कमकुवत असेल तर ती वर्षे आपल्या हाती नसतात. म्हणून आधी खोडातील निरोगी लाकडाची जाडी उपकरणाने मोजून घ्या, आणि त्याच सुमारास पायाची माहिती असलेल्या स्थापत्य अभियंत्यालाही जागा दाखवा. पाया खोल असेल तर फुगणाऱ्या मातीची भीती बरीच कमी होते. दूरचे झाड, खूण नसेल आणि शेंडा हिरवा असेल, तर निश्चिंतपणे ठेवावे. दर दोन-तीन वर्षांनी पाहणी पुरेशी आहे.

रंधा

जवळचे झाड काढायचे ठरले, तर कामगारांना खोडाचे लहान तुकडे करू देऊ नका. अडीच मीटर लांबीचे ओंडके ठेवायला आधीच सांगा, कारण एकदा तुकडे झाले की फळ्यांचा विचार सोडावा लागतो. पडलेल्या खोडाच्या टोकांना मेण मात्र आजच लावा.